कापडाखालचा हात

"काय वाटतंय?" हे दोन शब्द कोणी माझ्यासमोर काढले की अजूनही माझं डोकं सणकतं. लग्नाच्या पंगतीत यजमानानं भाजीबद्दल विचारलं तरी. त्याला कारण आहे. गेल्या उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत मी दर आठवड्याला इथल्याच एका हॉस्पिटलच्या थंडगार खोलीत बसत होतो, आणि पुण्याहून आलेली एक इंजिनिअर बाई माझ्या प्लास्टिकच्या बोटाला पेन्सिलीचं मागचं टोक लावून मला हेच विचारत होती. काय वाटतंय? कुठे वाटतंय? मुंग्या आल्यासारखं, दाबल्यासारखं, टोचल्यासारखं की थरथरल्यासारखं? मी म्हणायचो, दाबल्यासारखं. ती म्हणायची, नक्की? एकदा मी सांगून टाकलं की बाई, वैताग आल्यासारखं वाटतंय, तो कुठल्या खान्यात बसतो ते पाहा. तिनं खरंच काहीतरी टाइप केलं.

आता हे प्लास्टिकचं बोट कुठून आलं ते सांगतो, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको.

नागपूरच्या गांधीबागेत आमचं ठोक कापडाचं दुकान आहे. वडलांनी घातलेलं. ते लवकर गेले आणि माझा मोठा भाऊ शाळा सोडून गादीवर बसला. मी कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा त्यानं मलाही शेजारी बसवलं. तेव्हापासून आमची जागा ठरलेली: मधे मी, आणि माझ्या उजव्या हाताला दादा. ही जागा मी उगाच सांगत नाही, सगळी भानगड त्या जागेचीच आहे.

ठोकाच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणजे बाहेरगावचा दुकानदार. खाप्याचा, रामटेकचा, सावनेरचा. तो समोर बसतो, आपण थान उलगडतो, कापड त्याच्या गुडघ्यापासून आपल्या मांडीपर्यंत पसरतं आणि मग भावावरून घासाघीस सुरू होते. माझी जीभ सैल. माणूस जरा गोड बोलला की मी विरघळतो. दादा हे ओळखून होता. म्हणून गिऱ्हाईक तावातावानं बोलत असताना दादा पसरलेल्या कापडाखालून माझा उजवा हात दाबायचा. एकदा दाबला म्हणजे थांब, भाव सोडू नको. दोनदा दाबला म्हणजे दे, माणूस कामाचा आहे. तोंडावरची रेघ हलायची नाही. दादा मुळात बोलणारा माणूस नाही. घरचं दुखणंखुपणं असो की धंद्याचं टेन्शन, तो "हूं" म्हणतो आणि पान लावतो. आम्हा दोघा भावांचं जे काय बोलणं होतं ते त्या कापडाखालीच होतं, आणि आमच्या बायकांनाही कित्येक वर्षं त्याचा पत्ता नव्हता.

मग तो हात गेला. दुकानाच्या मागं गोदामात माल चढवायची लिफ्ट आहे. कापडाची एक गाठ लिफ्टच्या दारात अडकली म्हणून मी हात घातला, आणि वरून कोणीतरी बटण दाबलं. पुढचं मला आठवत नाही, आणि आठवत नाही ते बरंच आहे. शुद्धीवर आलो तेव्हा कोपराच्या खाली चार बोटं जागा सोडून पुढं सगळं साफ होतं. हात ठेवला तर माणूस जाईल असं डॉक्टरांनी दादाला सांगितलं होतं, आणि दादानं सही केली होती. बरोबरच केली. मी त्याला तसं तोंडानं सांगितलंसुद्धा. तो "हूं" म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्यानं माझ्या उजव्या बाजूला पाहणं बंद केलं.

म्हणजे अक्षरशः बंद. मी दुकानात परत आलो तर दादा गादीच्या पार त्या टोकाला कॉम्प्युटरजवळ जाऊन बसलेला. डोळ्याला तिथला उजेड बरा पडतो म्हणे. इतकी वर्षं उजेडावाचून काही अडलं नव्हतं. चहा आला की माझा कप फिरून डावीकडं ठेवायचा. बिल द्यायचं तर डावीकडून. हात गेला त्या वर्षीच्या दसऱ्याचंच घ्या, सोनं म्हणून आपट्याची पानं देतात ती तरी माणूस हातात देतो ना? त्यानं माझ्या शर्टाच्या खिशात खुपसली. जसा काही मी पोस्टाचा डबा आहे. माझ्या उजवीकडची जागा रिकामी पडली, आणि तिथं गठ्ठे साचायला लागले. मी गठ्ठे हलवायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा गठ्ठे.

माझ्या मनात तेव्हापासून एकच होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नाही. दादानं पुन्हा माझ्या उजवीकडं बसावं आणि तो हात हातात घ्यावा. हात नव्हताच, तर घेणार काय, हा प्रश्न होता. म्हणून स्पर्श कळणाऱ्या नव्या हाताच्या अभ्यासात भाग घेता का, अशी हॉस्पिटलातून विचारणा आली तेव्हा मी बायकोलाही न विचारता हो म्हणून मोकळा झालो.

साधा कृत्रिम हात माझ्याकडं आधीच होता. कोपराखाली उरलेले स्नायू आवळले की त्याची मूठ मिटायची. पण हाताला काही कळत नसल्यामुळं तो सगळं चिरडायचा. कागदी कप धरला की चहा थानावर. केळं धरलं की शिकरण. नवा हात दिसायला तसाच, फरक आतला होता. अंगठ्यात, पहिल्या दोन बोटांत आणि तळव्यात दाब मोजणाऱ्या बारक्या चकत्या. दंड उघडून, हातातला स्पर्श मेंदूकडं नेणाऱ्या ज्या नसा असतात त्यांत केसासारख्या तारा बसवलेल्या. तारांची टोकं कातडीतून बाहेर, तिथून एक वायर कमरेच्या डबीत, आणि डबीतून हातात. बोटावर दाब पडला की डबी नसेला ठोका देते, आणि मेंदू फसतो. गेलेलं बोट परत आलंय असं त्याला वाटतं. ऐकायला भारी आहे. पण रोज आंघोळीला दंडाला प्लास्टिक गुंडाळा, रोज बायकोकडून पट्टी बदलून घ्या, रोज रात्री आपला हात मोबाईलच्या शेजारी चार्जिंगला लावा, हे कोणी सांगत नाही.

आणि लोक. अरे बाप्पा, लोक! हातात हात घालून दाबून पाहणारे, चिमटा काढून पाहणारे, आगपेटी पेटवू का म्हणून विचारणारे. रामटेकचा एक जुना दुकानदार आला की आधी हात मिळवायचा, पूर्ण ताकद लावायचा आणि विचारायचा, "समजलं काय गा?" समजलं म्हटलं की जोरात दाबायचा, आता समजलं का म्हणून. घरी बायकोनं अंडी धरायला लावली. हॉस्पिटलात अंडं फुटलं नाही म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तेव्हापासून तिला अंड्यांचा नादच लागला. पाहुणे आले की अंडं काढायची. मी म्हटलं, मी काय कोंबडी आहे? तर म्हणे, "तुम्ही नं, हात दाखवून अवलक्षण कराल पण चार लोकांत कौतुक करू देणार नाही."

कौतुक कसलं करायचं? मी दुकानात पहिल्याच दिवशी त्या बोटांच्या चिमटीत कापड धरून पाहिलं होतं. पॉपलीन, मग व्हॉईल, मग कडक खादी. डोळे मिटून. तिन्ही सारखी. कापडवाल्याच्या बोटाला कापड कळू नये, यापेक्षा वाईट शिवी नाही. इंजिनिअर बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पोत कळणं अवघड आहे, यात दाब कळतो, आणि गरम-थंड तर मुळीच नाही. मी म्हटलं, मग काय कळतं? त्या म्हणाल्या, कोणीतरी धरलंय हे कळतं.

त्या वाक्यासाठी मी त्यांना सगळं माफ केलं. आणखी एक गोष्ट खरी सांगायला पाहिजे. हात गेल्यापासून मला तो नसलेला हात दुखायचा. नसलेली मूठ आवळून बसलेली, नसलेली नखं नसलेल्या तळव्यात रुतलेली, आणि उघडता येत नाही. तारा बसवून थोडे दिवस झाले आणि ती मूठ हळूहळू सुटली. त्या दिवशी मी दुकानात कागदी कपात चहा प्यालो, उजव्या हातानं, थेंब न सांडता. टोकाला कॉम्प्युटरमागं बसलेल्या दादाकडं पाहिलं. तो काहीतरी टाइप करत होता.

पण हे सगळं उधारीचं होतं. बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की तारा कायमच्या नाहीत. अभ्यास संपला की तारा निघणार. हात तुमच्याकडं राहील, मूठही मिटेल, पण जाणवणार काही नाही. अभ्यास दसऱ्यानंतर संपणार होता. म्हणजे मला जे काय पाहिजे होतं ते दसऱ्याच्या आत व्हायला पाहिजे होतं, आणि दादा तर माझ्याकडं पाहायलाही तयार नव्हता.

मी काय काय केलं नाही? गठ्ठे उचलून उजवीकडची जागा झाडून ठेवली, तिथं नवीन लोड ठेवला. दादानं लोड कॉम्प्युटरजवळ नेला. थान उलगडायला मदत पाहिजे म्हणून हाक मारली, तर त्यानं नोकराला पाठवलं. चल माझ्यासोबत हॉस्पिटलात, पाहा तरी ते काय करतात, म्हटलं, तर त्याला नेमकं त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडं जायचं असायचं. त्याचे दात तोवर सगळे पडून कवळी आलेली. बायको म्हणाली, सरळ सांगून टाका ना त्यांना. मी म्हटलं, काय सांगू? माझा हात धर म्हणून? दोघंही नातवंडांचे आजोबा, आणि मी भीक मागू? ती म्हणाली, मग चिडचिड तरी करू नका. तेही मला जमत नव्हतं.

अशात खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याची त्याची हत्यारं पुजायची. आमच्या दुकानात कात्र्या, लोखंडी मीटर, वडलांच्या वेळचा मापाचा लाकडी गज, आणि अलीकडं कॉम्प्युटर आणि बिलाचं मशीनसुद्धा. पांढऱ्या कापडावर सगळं रांगेत मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, अक्षता, कापूर. आणि एकदा पुजलं की त्या दिवशी त्या हत्याराला हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली की मग उचलायचं. वडलांपासूनचा नियम. दादा वर्षभर देवळात जात नाही, पण हा नियम म्हणजे नियम.

आश्विनातलं आमचं नागपूरचं ऊन काय असतं ते ज्यानं खाल्लं त्यालाच माहीत. हाताच्या आतलं अस्तर घामानं ओलं झालं होतं. मी वायर सोडली, हात काढून गादीवर ठेवला आणि मागच्या नळावर थोटुक धुवायला गेलो. धुतलं, पुसलं, पावडर लावली, खाप्याच्या दुकानदाराचा फोन आला तो घेतला. परत येऊन पाहतो तर माझा हात रांगेत. कात्री, कात्री, मीटर, गज, आणि गजाच्या शेजारी माझा हात, तळवा वर करून. पाचही बोटांच्या टोकांना हळदीकुंकवाची ओली बोटं. त्यावर अक्षता चिकटलेल्या. तळव्यात झेंडूचं फूल. आणि दादा तांब्यातल्या पाण्यात फूल बुडवून सगळ्यांवर सारखं शिंपडतोय, माझ्या हातावर जरा जास्तच.

मी हात उचलायला गेलो. दादानं माझं डावं मनगट धरलं.

"आज नाही उचलत. उद्या."

"दादा, माझा हात आहे तो. कात्री नाही."

"हत्यारच आहे न. पूजा केली बे, शिवी नाही देली."

दुकानात गिऱ्हाईक बसलेलं. नोकर हात जोडून उभा. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातलं सभ्य तेवढं सांगतो, की तू स्वतःचं मुंडकं काढून ठेव रांगेत, त्याचाही वर्षभर काही उपयोग होत नाही. भैताड म्हणालो त्याला, मोठ्या भावाला, सणासुदीला. दादानं कापूर पेटवला. मी रिकामी बाही घेऊन घरी आलो.

घरी आल्यावर आणखी कटकट. डबी हातापासून सुटली की तिकडं बाईंना कळायचं. त्यांचा फोन आला, हात काढून ठेवलाय का, इतका वेळ का? मी म्हटलं, त्याची पूजा चालू आहे. फोनवर टाइप केल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, पाणी लागलं का? मी म्हटलं, पाणी, हळद, कुंकू, तांदूळ आणि थोडा कापराचा धूर. मग त्यांनी मला पूजेत नेमकं काय काय असतं ते क्रमानं विचारलं. आधीच मर्कट त्यात मद्य प्यालेलं, अशी माझी अवस्था, त्यात हा क्रम.

बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं ती माझ्या बाजूनं चार शब्द बोलेल. ती हसली. खूप हसली, पदर तोंडाला लावून. मग हसणं थांबवून म्हणाली, "पण हात लावला न त्यायनं त्या हाताले. पाचही बोटांले लावला. वर्षात पहिल्यांदा."

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि लक्षात आल्यावर राग दुप्पट झाला. लावला, पण कधी लावला? मी आत नसताना. तारा सुटलेल्या, डबी माझ्या कमरेला, मी नळावर. पाचही बोटांना एकेक करून त्यानं हळद लावली, आणि मला एकाही बोटाचं कळलं नाही. ज्याच्यासाठी दंड चिरून घेतला तेच नेमकं माझ्या पाठीमागं होऊन गेलं. त्या रात्री मी जेवलो नाही. बायको म्हणाली, अंडं तरी खा.

दसऱ्याला सकाळी दुकानात गेलो. उत्तरपूजा आटपली होती. दादा नव्हता, नोकरानं हात पिशवीत घालून दिला. घातला, वायर जोडली, आणि पहिलं बोट दाबलं गेलं. दाबलेलंच राहिलं. कोणी धरलेलं नाही, काही धरलेलं नाही, तरी बोट दाबलेलं. हळदीचं पाणी सांध्यातून आत गेलं होतं. मी हात झटकला, पुसला, फुंकर मारली. दाब कायम. बाईंनी फोनवर सांगितलं, कोरड्या कापसानं पुसा, उन्हात ठेवू नका, आणि त्या बोटाचा ठोका डबीवरून बंद करा. बंद केला. दुसऱ्या बोटाचीही तीच तऱ्हा झाली, तोही बंद केला. अंगठा मधेच लागायचा, मधेच नाही. राहता राहिला तळवा. आणि परवा सकाळी तारा काढायला बोलावलेलं.

संध्याकाळी सोनं द्यायला दादाकडं गेलो. जायचंच नव्हतं, पण सणाला मोठ्या भावाकडं न जाणं आमच्याकडं चालत नाही, आणि बायकोनं पानं हातात कोंबली होती. दादा समोरच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, धुतलेला पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. वहिनी आतून म्हणाली, या भाऊजी, चहा ठेवते. मी वाकलो, त्याच्या पायांना डावा हात लावला, आणि उजव्या हाताच्या चिमटीत पान धरून पुढं केलं. पानाला काय वजन असतं, मला ते कळतही नव्हतं. पडलं की काय म्हणून मी डोळ्यांनी पाहत होतो. दादानं पान घेतलं. मग त्यानं आपल्या ताटलीतलं पान उचललं, आणि त्याचा हात माझ्या खिशाकडं निघाला.

तिथं माझं डोकं गेलं.

"खिशात नको देऊ. हातात दे."

दादा थांबला.

"परवा तारा निघून राहिल्या माझ्या. मंग हा हात तू पूज, नाहीतर नाल्यात फेक, मले काही समजणार नाही. काल तू हळद लावली तेव्हा मी नव्हतो त्याच्यात. आज आहो. धराचा असन तर आज धर."

बोलून झाल्यावर मला लाज वाटली. दादानं पान ताटलीत परत ठेवलं. मला वाटलं आता उठून जाईल, पान लावायला बसेल, "हूं" म्हणेल. तो खाली फरशीकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी हॉस्पिटलात तुही अंगठी काढाची होती. कोणाले निघून नाही राहिली. मी काढली. तेल लावून, हळूहळू." त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "हात गरम होता बे. मी धरून होतो. अन मंग जाऊन सही केली."

आजवर मी समजत होतो की त्याला किळस येते, किंवा आपल्यामुळं झालं असं वाटतं, किंवा नुसताच हट्टी आहे. शेवटचा माझा हात त्यानं धरला होता, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? त्याच्याशिवाय कोणाला माहीत होतं?

"हा थंड आहे," दादा म्हणाला. "काल हळद लावली तं थंडगार लागला."

"मले थंड-गरम नाही समजत यात," मी म्हटलं. "दाबलं तं समजते. तेबी आता तळव्यातच. बाकीचं तुया पूजेनं गेलं."

तो पहिल्यांदा हसल्यासारखं काहीतरी तोंड करून हलला. मग त्यानं ताटलीतलं पान उचललं, माझ्या त्या प्लास्टिकच्या तळव्यावर ठेवलं, आणि पानावर स्वतःचा हात ठेवून माझी बोटं आपल्या बोटांनी मिटवली. पान मला कळलं नाही. त्याच्या हाताचं ऊन, त्याची राकट कातडी, काहीच कळलं नाही. तळव्यात दाब आला, एवढंच. आला आणि राहिला. मी वाट पाहत होतो की हात सुटेल आणि दुसऱ्यांदा दाबला जाईल, दोनदा म्हणजे दे, सोड, झालं. तो सुटला नाही. एकदाच दाबलेला होता. थांब.

वहिनी चहा घेऊन आली, आमच्याकडं पाहिलं आणि परत आत गेली. चहा निवला. मी नाक पुसायला डावा हात शोधत होतो, कारण उजवा कामात होता.

ठरल्या दिवशी सकाळी तारा निघाल्या. या वेळी दादाला दातांच्या डॉक्टरकडं जायचं नव्हतं, तो बाहेरच्या बाकावर बसून होता. शेवटची तार निघाल्यावर इंजिनिअर बाईंनी सवयीनं पेन्सिल उचलली, माझ्या बोटाला लावली आणि विचारलं, काय वाटतंय? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी पेन्सिल ठेवली. नक्की, असं काही विचारलं नाही.

आता दादा पुन्हा माझ्या उजवीकडं बसतो. गठ्ठे नोकरानं उचलले, लोड परत आला. उजेडाचं काय झालं ते मी विचारलं नाही. आणि तो पुन्हा सुरू झाला आहे. गिऱ्हाईक तावात आलं की कापडाखालून हात घालतो आणि माझा हात दाबतो, तोच, ज्यात आता काही कळत नाही. मी त्याला दहादा सांगितलं असेल, दादा, डावीकडं बस न, तिकडचा हात खरा आहे, तिकडं समजते मले. वैतागून सांगितलं, हात जोडून सांगितलं, गिऱ्हाइकासमोर सांगितलं. तो म्हणतो, इथंच बरं आहे. असल्या माणसाशी काय डोकं लावायचं?

परवाच खाप्याचा दुकानदार आला होता. चांगला गोड बोलला, मुलीच्या लग्नाचं सांगितलं, मी विरघळायला लागलो. समोर पॉपलीनचं थान उलगडलेलं, दादा तोंड बंद करून समोर भिंतीकडं पाहत होता. मला काहीच जाणवलं नाही. पण माझ्या उजव्या गुडघ्याजवळ कापडाला एक वळी पडली, आणि तशीच राहिली. मी भाव सोडला नाही.